डब्यावर ‘केडगाव’ लिहिलंय, पण कुठलं केडगाव? छोट्या रिळांवरच्या आगगाड्या

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातलं पाल्हाळ थोडं कापलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज बोलायचंय ते एका अशा छंदाबद्दल, ज्यात माणूस आधी डबा उघडून वास घेतो आणि मगच आत काय आहे ते बघतो. घरगुती मापाच्या फिल्मवर टिपलेल्या जुन्या आगगाड्या जमवण्याचा हा छंद. आमच्या केडगावातून, म्हणजे नगरच्या केडगावातून, हा उद्योग करणारे फार नाहीत. त्यामुळं ‘नक्की काय करता तुम्ही?’ हा प्रश्न मला नेहमी येतो. आज त्याचं सविस्तर उत्तर देतो.

आधी मापं सांगून टाकतो, म्हणजे पुढं अडायला नको. थिएटरात चालायची ती फिल्म ३५ मिलिमीटर रुंद. घरी वापरायची त्याहून अरुंद. पाथे कंपनीनं १९२२ च्या अखेरीस साडेनऊ मिलिमीटरची फिल्म आणली, तिची भोकं मधोमध, दोन चित्रांच्या मध्ये. १९२३ मध्ये कोडॅकची १६ मिलिमीटर आली, १९३२ मध्ये ८ मिलिमीटर आणि १९६५ मध्ये सुपर ८. आठ मिलिमीटरच्या एका चित्राची रुंदी पाच मिलिमीटरसुद्धा भरत नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत अख्खं इंजिन, टेंडर आणि मागं धूर!

आणि हे सगळं चालायचं किती वेळ? सुपर ८ चं पन्नास फुटी रीळ सेकंदाला १८ चित्रं या वेगानं ३ मिनिटं २० सेकंदांत संपतं. १६ मिलिमीटरचं शंभर फुटी रीळ सेकंदाला १६ चित्रांनी ४ मिनिटं १० सेकंद. फिल्म महाग, धुवायला पाठवायची, परत यायला काही आठवडे. म्हणून माणसं जपून शूट करायची. गाडी येताना सहा सेकंद, जाताना चार, मग बायकोचा हात हलवतानाचा तुकडा आणि बस्स. आगगाडी बहुतेक वेळा विषय नसतेच, ती मध्ये येते. ज्याला आगगाड्यांची रिळं जमवायचीत त्याला लग्नं, पिकनिक, शिकार आणि कुत्री हे सगळं बघायची तयारी ठेवावी लागते.

या रिळांचे ढोबळ दोन प्रकार. पहिला, विकत मिळणाऱ्या तयार प्रती. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टची ब्लॅकहॉक फिल्म्स ही कंपनी मूकपटांच्या आणि रेल्वेच्या फिल्मच्या ८ आणि १६ मिलिमीटरच्या प्रती टपालानं विकायची. बस्टर कीटनचा ‘द जनरल’ कित्येकांनी असा घरच्या भिंतीवर पाहिला. या प्रती बघायला मजेच्या, पण त्या हजारोंनी निघाल्या. एक खराब झाली तर दुसरी मिळते.

दुसरा प्रकार म्हणजे कुणीतरी स्वतः शूट केलेलं रीळ. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घरगुती कॅमेऱ्यात बहुतेक वेळा रिव्हर्सल फिल्म असायची. म्हणजे कॅमेऱ्यात जी फिल्म गेली, तीच धुऊन सरळ चित्र होऊन परत आली. मध्ये निगेटिव्ह नाही. तुमच्या हातात जे आहे ते जगातलं एकमेव. प्रोजेक्टरवर चालवताना त्यावर जो ओरखडा पडतो तो मूळ प्रतीवरच पडतो. ‘द जनरल’चं रीळ फाटलं तर मी हळहळेन. पण नगर स्टेशनावरची १९५० ची सहा सेकंदं फाटली तर ती कायमची गेली.

ही दुसऱ्या प्रकारची रिळं आपल्याकडं शूट कुणी केली? इंग्रज अधिकारी, लष्करी माणसं, मिशनरी, काही संस्थानिक आणि मुंबईतली सधन घरं. केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्रात अशा घरगुती फिल्मचा मोठा संग्रह आहे आणि तो इंटरनेटवर बघता येतो. जरूर बघा. बोट बॅलार्ड पिअरला लागते, सामान उतरतं, मग गाडी, मग डाक बंगला, हा क्रम थोड्याच वेळात पाठ होतो. नंतर दुसरी लाट आली ती वाफेच्या इंजिनांच्या वेडापायी. ब्रिटनमध्ये मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिनं १९६८ च्या ऑगस्टमध्ये बंद झाली. आपल्याकडं ती नव्वदच्या दशकापर्यंत धावत होती. मग तिकडचे शौकीन सुपर ८ कॅमेरे घेऊन इकडं आले. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरच्या शकुंतलेला तर १९९४ पर्यंत १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं इंजिन ओढत होतं. अशा ठिकाणी कॅमेरा न काढणारा माणूसच विरळा.

आता मुख्य विषयाकडं येतो. रीळ मिळालं, पण ते कुठलं आणि कधीचं? डब्यावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा नाही, हा पहिला नियम. मोठ्या मोठ्या संग्रहांतसुद्धा हे होतं. १८९९ ची एक फिल्म ‘पॅनोरमा ऑफ कलकत्ता’ या नावानं ओळखली जाते. तिच्यात दिसतात वाराणसीचे घाट.

माझ्याकडचंच उदाहरण घ्या. जुन्या सामानाच्या बाजारात १६ मिलिमीटरचं एक रीळ मिळालं. डब्याच्या झाकणावर पेन्सिलनं इंग्रजीत ‘केडगाव’ एवढंच. मी कुठला ते बोलता बोलता विक्रेत्याला कळलं आणि त्यानं भाव लगेच वाढवला. ‘साहेब, तुमच्याच गावची फिल्म आहे, सोडू नका.’ घेतली. पण आपल्या भागात राहणाऱ्या कुणालाही पहिली शंका हीच येईल की केडगाव दोन आहेत. एक आमचं, नगर–पुणे रस्त्यावरचं, रेणुकामातेचं. दुसरं दौंड तालुक्यातलं, पुणे–दौंड लोहमार्गावरचं, जिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. आमच्या केडगावाला स्वतःचं स्टेशन नाही, आमचं स्टेशन म्हणजे नगर. दौंडकडच्या केडगावाला स्टेशन आहे, आणि मिशनमुळं तिथं परदेशी माणसांचं येणंजाणंही असायचं. कॅमेरा कुणाच्या हातात असण्याची शक्यता जास्त, तुम्हीच सांगा.

नुसत्या शंकेवर काही ठरत नाही, पुरावा लागतो. तो फिल्ममध्येच असतो, काही कडेला आणि काही चित्रात.

कडेचा आधी. कोडॅकच्या फिल्मच्या काठावर, भोकांच्या बाजूला, बारीक खुणा छापलेल्या असतात. गोल, चौकोन, त्रिकोण किंवा त्यांच्या जोड्या. फिल्म कुठल्या वर्षी बनली ते त्यावरून कळतं. अडचण एवढीच की दर वीस वर्षांनी त्याच खुणा परत येतात. माझ्या रिळावर एकच चौकोन होता. म्हणजे १९३७ किंवा १९५७. शिवाय हे फिल्म बनल्याचं वर्ष, शूट केल्याचं नाही. डबा दुकानात वर्षभर पडून राहिला असेल तर तेवढा फरक धरायचा. आणि रीळ जर कशावरून तरी काढलेली प्रत असेल तर मूळ फिल्मच्या खुणाही त्यात छापून आलेल्या असतात, मग दोन वर्षं दिसतात आणि माणूस चक्रावतो.

१९३७ की १९५७, हे चित्रानं सांगितलं. टेंडरवर जी.आय.पी. ही अक्षरं, ठसठशीत, ताज्या रंगातली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत विलीन झाली. जुनी अक्षरं पुसायला रेल्वेला वेळ लागतो हे मान्य, पण सहा वर्षांनी ती नव्यानं रंगवणार नाहीत. तेव्हा १९३७ च्या आसपास.

आणि जागा? स्टेशनाची पाटी तीन सेकंद दिसते, पण उलटी, आरशात बघावी तशी. मूकपटाच्या जमान्यातल्या १६ मिलिमीटर फिल्मला दोन्ही काठांवर भोकं असतात. तुकडा तुटला आणि जोडताना पालथा लागला तरी प्रोजेक्टर तक्रार करत नाही, चित्र मात्र डावं-उजवं होतं. हे ओळखायची आणखी एक युक्ती आहे. आपल्याकडं दुहेरी मार्गावर गाड्या डाव्या बाजूनं धावतात. फिल्ममध्ये त्या उजवीकडून धावताना दिसल्या की तुकडा पालथा आहे असं समजायचं. तर ती पाटी सुलटी करून वाचली आणि त्यावर नाव ‘केडगाव’च निघालं. पाटी स्टेशनाची, म्हणजे गाव दौंडकडचं. विक्रेत्याचं म्हणणं तसं खोटं नव्हतं, फक्त तालुका आणि जिल्हा वेगळा!

अशा बऱ्याच खुणा हळूहळू डोळ्यात बसतात. डब्यावर तीन उभ्या रेघा, म्हणजे रोमन तीन, दिसला तर तो तिसऱ्या वर्गाचा डबा. तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला, म्हणून फिल्म त्याआधीची. इंजिनाचं तोंड बंदुकीच्या गोळीसारखं गोल निमुळतं असेल तर ते डब्ल्यूपी, १९४७ नंतरचं. वरती विजेच्या तारा दिसल्या तर आणखी सोपं. मुंबईत पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला धावली, आणि १९३० पर्यंत तारा पुण्याला आणि इगतपुरीला पोचल्या. आमचा दौंड–मनमाड मार्ग १८७८ चा, पण तो अगदी अलीकडेपर्यंत एकेरी आणि बिनतारांचा होता. जुन्या फिल्ममध्ये स्टेशनाबाहेर दुहेरी मार्ग दिसला की तो आमचा नाही, विषय संपला.

उलट चालत्या गाडीतून ड्रायव्हर हात बाहेर काढून वेताचं कडं घेताना किंवा टाकताना दिसला तर एकेरी मार्गाची शक्यता दाट. त्या कड्याच्या पिशवीत टोकनचा गोळा असतो. तो गोळा हातात असल्याशिवाय पुढच्या सेक्शनमध्ये गाडी न्यायची नाही, म्हणजे समोरून दुसरी गाडी येणं शक्यच नाही. हे मला पुस्तकातून कळलं नाही. केडगावात राहणाऱ्या एका निवृत्त रेल्वेवाल्या काकांनी पडद्यावर बघून सांगितलं. मी इंजिन बघत होतो, ते त्या माणसाचा हात बघत होते. अशी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. रिळं टिकवायची घाई आहेच, पण ती ज्यांना वाचता येतात त्यांच्यासमोर लवकर चालवायची घाई मला जास्त वाटते.

डोंगर कधी खोटं बोलत नाहीत. मनमाडजवळची हडबीची शेंडी आणि अंकाई–टंकाईची जोडी एकदा पाहिली की विसरत नाही. खंडाळ्याला नागफणी. नगरच्या पूर्वेला डोंगरावरचा चांदबिबीचा महाल, म्हणजे खरं तर सलाबतखानाची कबर, हवा स्वच्छ असली तर लांबून ओळखू येतो. गाडीच्या खिडकीतून टिपलेल्या फिल्ममध्ये मी आधी क्षितिज बघतो, रूळ नंतर.

रंगावरून मात्र निष्कर्ष काढू नका. विकतच्या रंगीत प्रती बऱ्याचदा अशा फिल्मवर निघाल्या की ज्यातला निळा-हिरवा रंग उडून जातो आणि सगळं गुलाबी होतं. तिथं प्रत्येक डबा तांबडाच दिसणार. कोडॅक्रोम असेल तर गोष्ट वेगळी, अंधारात ठेवलेलं कोडॅक्रोम अजून टवटवीत असतं. पण आता शिल्लक राहिलेलं कोडॅक्रोम धुऊन मिळत नाही. जगातल्या शेवटच्या प्रयोगशाळेनं, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या, २०१० च्या अखेरीस ते घेणं थांबवलं.

वेगाचंही तसंच. १६ च्या गतीनं शूट केलेली फिल्म २४ नं चालवली की सगळे दीडपट पळतात, आणि लोक हसतात. खरी गती काढायची तर चाक मोजा. डब्ल्यूपीचं मोठं चाक ५ फूट ७ इंचाचं, एका फेऱ्यात गाडी साधारण ५.३५ मीटर पुढं जाते. एक फेरा पाच चित्रांत पूर्ण झाला तर १६ च्या हिशेबानं ताशी ६० किलोमीटरच्या थोडं वर, २४ च्या हिशेबानं नव्वदच्या वर. समोर थांबत थांबत जाणारी पॅसेंजर असेल तर कुठला आकडा खरा ते कुणीही सांगेल. आणि कृपा करून मुक्या फिल्मला भलताच आवाज जोडू नका. शकुंतलेच्या छोट्या इंजिनाला कुठल्यातरी परदेशी एक्स्प्रेसची शिट्टी जोडलेली मी ऐकलीय. ऐकवत नाही हो.

आता वासाकडं येतो. ॲसिटेट फिल्म जुनी झाली की तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटायला लागतं, म्हणजे व्हिनेगरचा वास. हे आम्ल पुढच्या बिघाडाला आणखी वेग देतं, आणि बंद डब्यात कोंडलं तर दुप्पट जोमानं. फिल्म आकसते, वाकडी होते, शेवटी थर सुटतो. ट्रायॲसिटेट फिल्म १९४८ मध्ये आली आणि दहा वर्षांच्या आत या रोगाची पहिली तक्रार कोडॅककडं गेली ती भारत सरकारकडून. कारण उघड आहे, आपली उष्णता आणि दमट हवा. २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर चांगल्या फिल्मला हा रोग लागायला चाळीस-पन्नास वर्षं लागतात असं धरतात. आमच्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत काय तापमान असतं ते मी सांगायला नको. ज्या रिळांवर आवाजासाठी चुंबकीय पट्टी आहे ती आणखी लवकर जातात, पट्टीतलं लोह त्या क्रियेला मदत करतं. फुजीची सिंगल ८ फिल्म पॉलिएस्टरची, तिला हा रोग होत नाही. पण ती तुटली तर नेहमीच्या सिमेंटनं जोडता येत नाही, चिकटपट्टीच लागते.

एक गैरसमज जाता जाता. जुनी फिल्म म्हणजे पेट घेणारी, हे ३५ मिलिमीटरच्या नायट्रेटचं. कोडॅकची १६ आणि ८ मिलिमीटरची फिल्म पहिल्यापासून सुरक्षित मानलेल्या पायावरच निघाली. घरात ठेवायला घाबरू नका.

माझ्या ‘केडगाव’ला वास होता. बारीक, पण होता. बिघाड तपासायला आम्लानुसार रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात, निळ्याची हिरवी, हिरव्याची पिवळी होते. माझी पट्टी दुसऱ्या दिवशी हिरवट झाली. अशा वेळी पहिला मोह असतो प्रोजेक्टर लावून एकदा तरी बघून घ्यायचा. तो आवरायचा. आकसलेल्या फिल्मची भोकं प्रोजेक्टरच्या नखांशी जुळत नाहीत आणि नख चित्रातच घुसतं. गाडी अडकली तर दिव्याच्या उष्णतेनं चित्र वितळतं. मी रीळ हातानं, दोन फिरक्यांवर, उजेडाच्या काचेवरून सावकाश पुढं नेलं. शंभर फुटांना एक संध्याकाळ. मग दातांशिवाय, नुसत्या रुळांवर फिल्म सरकवणाऱ्या स्कॅनरवर एकेक चित्र उतरवून घेतलं. चार हजार चित्रं. आता वास असलेलं रीळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवलंय, हवा खेळती राहील अशा पुठ्ठ्याच्या डब्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात टाकणं हा सगळ्यात वाईट उपाय, आणि आपल्याकडं सगळ्यात जास्त केला जाणारा.

स्कॅन झालं म्हणून फिल्म फेकायची नाही, हेही सांगून ठेवतो. आज मी जे स्कॅन केलं त्याहून चांगलं उद्या करता येईल, मूळ राहिलं तर. घरी सांभाळणं जमत नसेल तर पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन आहे. विचारून बघायला काय हरकत आहे? भंगारात घालण्यापेक्षा बरं. काळ्या-पांढऱ्या फिल्ममधल्या चांदीसाठी आपल्याकडं किती सिनेमे वितळले त्याचा हिशेब नाही, घरगुती रिळांची तर नोंदच नव्हती.

त्या रिळाचा शेवटचा तुकडा अजून लागलेला नाही. पाटी, फलाट, बैलगाड्या हे सगळं केडगावचं, पण शेवटच्या वीस सेकंदांत अचानक अरुंद रूळ येतात आणि त्यावर छोटंसं इंजिन, मागं चार डबे. त्या भागात दोन उमेदवार. दौंडहून निघणारी बारामतीची १९१४ ची छोटी गाडी, आणि पुढं कुर्डुवाडीला मिळणारी बार्शी लाईट रेल्वे, १८९७ ची. दोन्हींचे रूळ ७६२ मिलिमीटरचेच, म्हणजे मापानं काही ठरत नाही. बार्शीला सुरुवातीला आलेली किटसन कंपनीची इंजिनं एकमेकांना जोडलेल्या मोठ्या चाकांच्या चार जोड्यांची होती. चार दिसल्या तर पारडं बार्शीकडं झुकेल. इंजिन फलाटासमोरून जातं तेव्हा चाकं नऊ चित्रांत दिसतात. तीन जोड्या मी स्पष्ट मोजल्यात. चौथीच्या जागेवर नऊच्या नऊ चित्रांत निवडुंगाचं बेट आलंय. काकांना पुढच्या रविवारी दाखवणार आहे.